गाडी मिसिंग मारतेय? प्लग पुसायच्या आधी हे क्रमाने करा

जुनी गाडी मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेट घेईनासा झाला, की आपण काय करतो, तर सगळे स्पार्क प्लग काढतो, पॉलिश पेपर मारतो, फुंकर घालतो आणि परत लावतो. चार दिवस गाडी बरी चालते, पाचव्या दिवशी चढावर परत तेच. मग नवे प्लग टाकतो, ते पंधरा दिवस टिकतात. मग कोणीतरी सांगतं कार्बोरेटर खोला, कोणी म्हणतं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) सेट करा, आणि दोन महिन्यांनी गाडीत इतक्या गोष्टी हललेल्या असतात की मूळ बिघाड कुठला आणि आपण घातलेला कुठला हे देवालाही सांगता येणार नाही.

गडबड क्रमात होते. प्लगवरची काजळी हा त्या सिलिंडरचा रिपोर्ट असतो आणि आपण तो वाचायच्या आधीच पुसून टाकतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका, एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी.

उदाहरण माझ्या १९९३ च्या मारुती ८०० चं घेतोय. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डबा) पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारा-तोडणारा स्विच. ओम्नी, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर असेल तरी पद्धत हीच, फक्त सिलिंडर चार धरायचे असतील तिथे चार धरा. एमपीएफआय गाडी (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणारी) असेल तर काही पायऱ्या चालणार नाहीत, तिथे तसं लिहिलंय.

## १. आधी ऐका, आणि लिहून ठेवा

पाना हातात घ्यायच्या आधी कागद घ्या. मिसिंग कधी येतं हे लिहा, कारण अर्धं निदान तिथेच होतं:

- सकाळी थंड असताना येतं आणि गरम झाल्यावर जातं
- आयडलिंगला थडथड करते पण रस्त्यावर ठीक
- आयडलिंगला ठीक, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की झटके
- वीस-पंचवीस मिनिटं छान चालते आणि मग मरते, थंड झाली की परत सुरू
- फक्त पावसात किंवा गाडी धुतल्यावर

सायलेन्सरच्या मागे हात धरून बघा (लांबून, चिकटवून नाही). तीनपैकी एकच सिलिंडर कायमचा झोपला असेल तर फक्-फक्-भुस, फक्-फक्-भुस असा ठरलेला ताल लागतो. ताल नसेल, मधूनच कुठेतरी भुस होत असेल तर एका सिलिंडरच्या मागे लागू नका, सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी बघाव्या लागतील, म्हणजे पॉइंट, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा भाग), पेट्रोल.

## २. सामान आणि तयारी

प्लगचा पाना, बहुतेक जुन्या गाड्यांना २१ चा लागतो, नंतरच्या काहींना १६ चा. आत रबर असलेला घ्या म्हणजे प्लग निसटून पडत नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या). मल्टिमीटर, साधा चालेल. एक चालू अवस्थेतला जादा प्लग आणि दोन्ही टोकांना क्लिप असलेली एक वायर. चिकटपट्टी आणि मार्कर पेन. हवा मारायला सायकलचा पंप. जुन्या पेट्रोल पाइपचा वीतभर तुकडा, त्याचं काम शेवटी आहे. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजणारं) विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या फिटरकडून तासभर मागून आणा.

आणि गाडीची पुस्तिका शोधा. गॅपचे (प्लगच्या आणि पॉइंटच्या फटीचे) आकडे त्यात असतात, शेजारच्याने सांगितलेले नकोत.

थांबा: प्लगच्या वायरमध्ये हजारो व्होल्ट असतात. चालू इंजिनवर वायर हाताने ओढून "करंट येतोय का" बघणारे जुने फिटर तुम्ही पाहिले असतील, मीही पाहिलेत, पण तुम्ही ते करू नका. पेसमेकर असलेल्या माणसाने या कामात चालू इंजिनजवळ उभंच राहू नये. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, मोकळ्या जागेत. बाहीची टोकं, ओढणी, गळ्यातली चेन फॅनपासून लांब.

## ३. कुठला सिलिंडर झोपलाय ते शोधा

सगळ्यात आधी वायरींना नंबर द्या. टायमिंग बेल्टच्या बाजूचा नंबर १. प्रत्येक वायरला प्लगच्या टोकाला आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोकाला, दोन्हीकडे पट्टी. "तीनच तर आहेत, लक्षात राहतील" असं म्हणून मी एकदा फसलोय, दोन वायरी अदलाबदल झाल्या आणि गाडीने सायलेन्सरमधून असा बार काढला की वरच्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत आल्या. ८०० चा फायरिंग क्रम (सिलिंडर कुठल्या क्रमाने पेटतात तो) १-३-२ आहे, चार सिलिंडरच्या पद्मिनीचा १-३-४-२.

आता हे असं करा:

१. इंजिन गरम करा, चोक (थंड गाडीला जास्त पेट्रोल देणारा खटका) पूर्ण आत, मग बंद करा.
२. नंबर १ ची वायर बुटाला (वायरीच्या टोकाचं रबरी टोपण) धरून काढा, वायरला धरून ओढू नका, आतला कार्बनचा धागा तुटतो.
३. त्या वायरीत जादा प्लग बसवा आणि क्लिपच्या वायरने त्या प्लगची लोखंडी बॉडी इंजिनच्या लोखंडाला जोडा. ठिणगीला जायला वाट मिळाली पाहिजे. वायर नुसती हवेत लटकत ठेवली तर करंट कॉइलच्या किंवा कॅपच्या (डिस्ट्रिब्युटरचं झाकण) आतून वाट काढतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असेल तर मॉड्यूल जळू शकतं.
४. गाडी सुरू करा आणि ऐका. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको.
५. बंद करा, वायर परत लावा, पुढच्या सिलिंडरला तेच.

चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन लगेच खाली बसतं. झोपलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. तीन सिलिंडरच्या गाडीत हे अजून स्पष्ट कळतं, कारण एक आधीच मेलेला असताना दुसरी चांगली वायर काढली की इंजिन एकट्यावर येतं आणि बंदच पडतं. म्हणजे ज्याची वायर काढल्यावर गाडी तशीच थडथडत चालू राहते, तो तुमचा आरोपी सिलिंडर. नंबर कागदावर लिहा.

थांबा: एमपीएफआय गाडीला ही पायरी करू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन तिथे पेटतं आणि तो खराब होतो. तिथे स्कॅनर लावून कुठला सिलिंडर मिस होतोय ते बघून घ्या.

## ४. दहा किलोमीटर चालवा, मगच प्लग काढा

इथे बहुतेक जण चुकतात आणि चूक लक्षातही येत नाही. आत्ताच आपण एकेक सिलिंडर बंद करून इंजिन चालवलं, म्हणजे तिन्ही प्लगवर कच्चं पेट्रोल गेलं. शिवाय सकाळी चोक ओढून दहा मिनिटं आयडलिंगला ठेवलेल्या गाडीचे प्लग काळेच असतात, कुठल्याही गाडीचे. असे प्लग काढून "मिक्श्चर रिच आहे" (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) म्हणत कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला की झालं, चांगली सेटिंग गेली. प्लगचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंशांच्या पुढे तापलं तरच त्यावरची काजळी आपोआप जळते, आणि आयडलिंगला ते तेवढं तापत नाही.

तेव्हा सगळ्या वायरी लावून, गाडी चालण्यासारखी असेल तर, दहा किलोमीटर नेहमीसारखी चालवा, थोडा चढ असेल तर उत्तमच. परत येऊन आयडलिंगला न रेंगाळता लगेच बंद करा. मग दोन तास गप्प बसा. हेड (सिलिंडरांवरचं झाकण, ज्यात प्लग बसतात) अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग उघडला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात आणि मग हेड उतरवण्यापर्यंत काम जातं.

थंड झाल्यावर प्लगच्या खाचेत सायकलच्या पंपाने हवा मारा. तिथे वाळू, झाडाचा पाला, आमच्याकडे तर आंब्याचा मोहोरसुद्धा सापडतो, तो सगळा प्लग काढल्या काढल्या सिलिंडरमध्ये पडतो. पाव आटा सैल करा, परत हवा मारा, मग पूर्ण काढा.

काढलेले प्लग पुठ्ठ्यावर १, २, ३ लिहून त्या त्या आकड्यावर ठेवा. पुसू नका. फोटो काढा, दिवसा उजेडात, टोकाचा जवळून. मला वाटतं या सगळ्या लेखातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच आहे, कारण दोन महिन्यांनी तुलना करायला दुसरं काही नसतं.

## ५. प्लग वाचा

आधी तिन्ही एकमेकांशी ताडून बघा. तिन्ही सारखेच काळे किंवा सारखेच पांढरे, तर बिघाड सामाईक आहे, कार्बोरेटर, चोक, फिल्टर, टायमिंग. एकच वेगळा, तर त्या सिलिंडरची वायर, प्लग, कॅपमधली त्याची जागा किंवा त्याचं कॉम्प्रेशन. हे ठरल्याशिवाय रंगांच्या तपशिलात शिरू नका.

फिकट तपकिरी किंवा राखाडी. दुधाळ चहाचा रंग. छान आहे, हात लावू नका.

कोरडी काळी काजळी, बोटाला तव्याच्या मागच्या बाजूसारखी लागते. पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. चोकची फडकी पूर्ण उघडत नसेल, एअर फिल्टर भरला असेल, फ्लोट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) वर लागला असेल. किंवा स्पार्कच कमजोर आहे. आणि गाडी रोज फक्त दोन किलोमीटर शाळा-बाजार करत असेल तर कुठलाही बिघाड नसताना प्लग असाच होतो, ते विसरू नका.

काळा, ओला, आणि नाकाला पेट्रोलचा वास. त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. एकाच प्लगवर असेल तर बहुतेक करंटचाच प्रश्न.

काळा, चिकट, तेलकट, पेट्रोलचा वास नाही. इंजिन ऑइल वर येतंय. कुठून, ते धुरावरून ठरवा. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये सोडून खाली या, सपाटीला अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि आरशात बघा. त्या क्षणी निळ्या धुराचा लोट आला, किंवा सकाळी पहिल्या स्टार्टला येऊन गेला, तर व्हॉल्व्हचे सील गेलेत. चढावर सतत निळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा. इथे प्लग बदलणं म्हणजे गळक्या छपराखालची बादली बदलणं.

पांढराफटक, टोक कोरडं, कधी बारीक फोड आलेले. खूप तापतोय. मिक्श्चर लीन आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), कुठूनतरी फुकटची हवा शिरतेय, टायमिंग जास्त अ‍ॅडव्हान्स आहे (ठिणगी फार लवकर पडतेय) किंवा चुकीचा गरम प्लग (उष्णता हळू बाहेर सोडणारा) बसवलाय. याला हलक्यात घेऊ नका, काळ्या प्लगने गाडी बंद पडते, पांढऱ्या प्लगने पिस्टन जातो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि जुन्या कार्बोरेटरला ते आपोआप ओळखता येत नाही, त्यामुळे पूर्वी बरोबर असलेली सेटिंग आता थोडी लीन पडते. तिन्ही प्लग सारखेच किंचित फिकट असतील तर हे डोक्यात ठेवा.

तीनपैकी एकच अगदी धुतल्यासारखा स्वच्छ. आनंद मानू नका. हेड गॅस्केटमधून पाणी शिरून वाफेने धुतला जात असेल. रेडिएटरचं पाणी कमी होतंय का बघा, अर्थात थंड असताना झाकण उघडून.

पांढऱ्या चिनी मातीच्या भागाकडेही बघा. उभी बारीक काळी रेघ दिसली तर करंट बाहेरून पळतोय, तो प्लग गेला, आणि त्याचा बूटही तपासा. पण लोखंडी कडेच्या वर तपकिरी डागांचं कडं दिसलं तर घाबरू नका. लोक ते बघून "कॉम्प्रेशन लीक आहे" म्हणतात, तसं काही नसतं, विजेच्या दाबाने तेलाचे बारीक कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, तेवढंच.

तपासा: प्लगवरचा नंबर वाचून तो तुमच्या गाडीचाच आहे का बघा, तिन्ही एकाच नंबरचे आहेत का तेही. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश किंवा जुन्या मायकोमध्ये बरोबर उलटं. दुकानदाराने "त्याच्याच जोडीचा आहे" म्हणून दिलेल्या प्लगमध्ये इथेच घोळ होतो.

## ६. अदलाबदल, एका वेळी एकच वस्तू

समजा आरोपी सिलिंडर २ आहे. तिथला प्लग १ मध्ये आणि १ चा २ मध्ये लावा. बाकी काहीही हलवू नका. तिसरी पायरी परत करा.

मिसिंग १ वर गेलं, तर प्लग खराब. २ वरच राहिलं, तर प्लग निर्दोष. मग १ आणि २ च्या वायरी अदलाबदल करा, लांबी पुरत असेल तर, आणि दोन्ही टोकांची जागा नीट पाळून. मिसिंग वायरीबरोबर सरकलं तर वायर. तरीही २ वरच असेल तर कॅप, हवा किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे पुढच्या पायऱ्या.

"आता खोललंच आहे तर प्लग, वायर, कॅप, रोटर सगळं नवीन टाकून देतो" हा मोह होतो. टाका, हरकत नाही, पण मग नेमकं काय गेलं होतं ते कळणार नाही आणि नव्या मालातच एखादी वायर खराब निघाली तर, तसं होतं, तुम्ही शून्यावर.

वायर मीटरवर मोजायची तर ओहमवर ठेवा. कार्बनच्या वायरी काही हजार ओहम दाखवतात, लांब वायर जास्त, आखूड कमी. एकच वायर बाकीच्यांच्या कितीतरी पट दाखवत असेल किंवा आकडाच येत नसेल तर ती आतून तुटली. मोजताना वायर हलवून वाकवून बघा, कारण सरळ ठेवल्यावर ठीक आणि इंजिनच्या थरथरीत तुटते अशा वायरीच जास्त छळतात.

## ७. करंट कुठे अडतोय

जादा प्लग वायरीत लावून, बॉडी इंजिनला क्लिपने जोडून, दुसऱ्या कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि ठिणगी बघा. निळी-पांढरी, टक टक आवाज करणारी हवी. पिवळट, केशरी, बारीक असेल तर कमजोर. हे करताना सिलिंडरच्या सगळ्या भोकांत प्लग बसवलेले असू द्या, उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारी ठिणगी, पुढचं सांगायला नको.

कॅप आणि रोटर. कॅप काढून आत टॉर्च मारा. मधला कार्बनचा दांडा स्प्रिंगवर हलतो का, टोकांवर पांढरी-हिरवी पावडर आहे का, कुठे केसासारखी रेघ आहे का. ती रेघ पुसून जात नसेल तर तडा.

या तड्याने माझा एक अख्खा पावसाळा खाल्ला. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढायला लागलं की गाडी दोन सिलिंडरवर यायची, खाली सपाटीला ठीक. एका गॅरेजमध्ये प्रत्येक वेळी नवे प्लग, असे तीन सेट झाले, आणि दर वेळी नंबर २ चाच प्लग ओला निघत होता, पण ते काढलेले प्लग एकाच डब्यात टाकले जात असल्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. शेवटी रात्री घरासमोरचा दिवा बंद करून, बॉनेट उघडून, गाडी चालू ठेवून, इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारला. कॅपवर २ च्या बुडापासून लोखंडी क्लिपपर्यंत एक निळी रेघ सरसर धावत होती, आवाज पापड भाजल्यासारखा. दिवसा ती तड दिसत नव्हती, दमट हवेत मात्र करंट तिथूनच उतरत होता. कॅप बदलली, तीन सेटमधलेच जुने प्लग धुऊन लावले, ते पुढे दीड वर्ष चालले.

हा अंधारातला फवारा तुम्हीही करा, पण फक्त बारीक तुषार, पाण्याची धार नाही, आणि त्या वेळी इंजिनच्या कशालाच हात लावायचा नाही.

पॉइंट. गॅप ८०० ला ०.४ ते ०.५ मिमी. एका पॉइंटवर डोंगर आणि समोरच्यावर खड्डा झाला असेल तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी शोषणारी छोटी डबी) संशय घ्या, नुसते पॉइंट घासून भागत नाही. पॉइंट बदलले किंवा गॅप हलवली की इग्निशन टायमिंगही हलतं, ते परत बघावंच लागतं. हे विसरणारे फार.

कॉइल. वीस मिनिटांनी मरणारी आणि थंड झाल्यावर जिवंत होणारी गाडी असेल तर पहिल्यांदा हीच. थंड असताना मीटरवर ती ठीकच दाखवते, म्हणून मेल्या मेल्या लगेच ठिणगी बघा, घरी येऊन नाही. जाता जाता बॅटरीची टर्मिनल्स आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी घट्ट आहे का तेही बघा.

## ८. पेट्रोल आणि चोरवाटेने येणारी हवा

ठिणगी छान असेल तरच इकडे या.

एक सोपी युक्ती: गरम इंजिन आयडलिंगला थडथडत असताना चोक किंचित, अगदी बोटभर ओढा. गाडी सुधारली तर मिक्श्चर लीन आहे, कुठून तरी जादा हवा येतेय किंवा जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) तुंबलाय. आणखी बिघडली तर आधीच रिच आहे.

हवेची गळती शोधायला रबरी पाइपचं एक टोक कानाला लावा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंत जाणारा पाइप) सांध्यांवरून, कार्बोरेटरच्या बुडाखालून, व्हॅक्युमच्या नळ्यांवरून फिरवा. सू आवाज येतो. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल शिंपडून गळती शोधतात लोक, गरम सायलेन्सर पाइप शेजारी असताना, मी सांगणार नाही. डिस्ट्रिब्युटरला जाणारी व्हॅक्युमची नळी काढून तोंडाने ओढून धरा, ओढ टिकली पाहिजे. टिकली नाही तर आतला पडदा फाटलाय.

रिच असेल तर एअर फिल्टरचं झाकण उघडून चोक आत ढकलल्यावर फडकी खरंच उभी होते का डोळ्यांनी बघा. केबल अडकून ती अर्धवट राहणं हे जुन्या ८०० मध्ये अगदी नेहमीचं. ऑइलची कांडी काढून वास घ्या. पातळी वाढलीय आणि पेट्रोलचा वास येतोय तर यांत्रिक फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल खाली उतरतंय. अशा ऑइलवर गाडी चालवू नका, पंप आणि ऑइल दोन्ही बदला.

गाडी चार-सहा महिने उभी होती? इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं. टाकीतलं जुनं काढा, फिल्टर बदला, जुने रबरी पाइप दाबून बघा, मऊ चिकट लागले तर तेही.

## ९. कॉम्प्रेशन

अजून तोच सिलिंडर झोपलेला असेल तर हे टाळता येत नाही. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर (गरम हेडवर प्लग उघडताना आता घाई नको, थंड असतानाच एकदा सैल करून परत नीट आवळलेले असतील तर बरं), कॉइलला जाणारी बारीक वायर काढून ठेवलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. प्रत्येकाला सारखे पाच-सहा फेरे.

आकड्यापेक्षा फरक बघा. सिलिंडरांमध्ये चौरस सेंटिमीटरला १ किलोपेक्षा जास्त फरक नको, म्हणजे साधारण १४ पीएसआय. एक कमी निघाला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल ओतून परत मोजा. आकडा वर चढला तर रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर मधलं हेड गॅस्केट. व्हॉल्व्हचा निष्कर्ष काढायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट ठरवणारी जुळणी) बघून घ्या, फार घट्ट टॅपेटमुळे व्हॉल्व्ह बसत नाही आणि नुसत्या सेटिंगने काम होतं.

## १०. आता प्लग, साफ करायचा की नवा, आणि बसवायचा कसा

कारण सापडलं आणि दुरुस्त झालं, तरच इथे या.

कोरडी काजळी असलेला प्लग पेट्रोलमध्ये भिजवून पितळी मऊ ब्रशने साफ होतो, मग हवा मारून पूर्ण वाळवा. लोखंडी तारेचा ब्रश नको, चिनी मातीवर धातूच्या रेघा राहतात आणि करंट त्यावरून पळतो. गॅसवर लाल करून काजळी जाळतात काही जण, माती तडकते. तेलकट प्लग, तडा गेलेला, टोक गोल झालेला सरळ फेका.

मीटर सगळ्यात वरच्या ओहमवर ठेवून प्लगचं वरचं टोक आणि बाहेरची बॉडी यांच्यामध्ये मोजा. काहीच वाचन नको. वाचन आलं तर दिसायला स्वच्छ असला तरी आतून काजळी धरलेली आहे.

गॅप माझ्या गाडीला ०.७ ते ०.८ मिमी. डब्यातून काढलेला नवा प्लगही मोजा. वाकवायचं ते बाहेरचं टोक, मधल्याला फीलर गेजने कधीही रेटू नका.

बसवताना पेट्रोल पाइपचा तो तुकडा प्लगच्या टोकावर चढवा आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आत घ्या. आटे तिरके लागले तर पाइप नुसता घसरतो, जबरदस्ती होतच नाही. पान्याने सुरुवात केली की तिरकं लागलेलं कळत नाही, कळतं तेव्हा हेड गेलेलं असतं. हाताने टेकल्यावर नवा प्लग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, जुना ज्याचं वॉशर आधीच दबलंय तो फक्त एक-द्वादशांश, म्हणजे घड्याळाचा काटा एका आकड्यावरून दुसऱ्यावर जातो तेवढाच. पान्याला लांब पाइप लावू नका. आट्यांना ग्रीसही नको, मुलामा असलेल्या प्लगला त्याची गरज नसते आणि ग्रीसमुळे तो नकळत जास्त आवळला जातो.

बूट दाबताना "टक" लागला पाहिजे. पट्ट्यांवरचे नंबर परत एकदा वाचा.

## ११. खात्री

तिसरी पायरी परत करा, आता प्रत्येक वायर काढल्यावर इंजिन सारखंच खाली बसायला हवं. मग ज्या परिस्थितीत मिसिंग येत होतं, नेमक्या त्याच परिस्थितीत गाडी चालवा. चढावर येत होतं तर चढावर. पावसात येत होतं तर पावसाची वाट बघा, कोरड्या दिवशी "झाली बरी" म्हणू नका.

दोन-अडीचशे किलोमीटर झाले की प्लग परत काढा, त्याच पुठ्ठ्यावर ठेवा, त्याच उजेडात फोटो काढा आणि जुन्या फोटोशेजारी लावून बघा. आरोपी सिलिंडरचा प्लग बाकीच्या दोघांसारखा दिसत असेल तर काम झालं. अजूनही तोच जरा जास्त काळा असेल तर गाडी छान चालत असली तरी सहाव्या पायरीवर परत जा.